ड जीवनसत्त्व, त्वचेचा रंग आणि तरुणींची हाडे

• आतड्यातून कॅल्शियम शोषायला ड जीवनसत्त्व लागते. ते मुख्यतः उन्हातल्या यूव्ही-बी किरणांमुळे त्वचेत तयार होते.

• त्वचेतले मेलॅनिन ही किरणे अडवते. त्यामुळे सावळ्या त्वचेला जास्त वेळ ऊन लागते.

• ब्रिटनमध्ये ऑक्टोबर ते मार्चच्या सुरुवातीपर्यंत ऊन पुरेसे नसते. तिथल्या दक्षिण आशियाई तरुणींत ड जीवनसत्त्वाची कमतरता गोऱ्या तरुणींपेक्षा बरीच जास्त. सरकारी सल्ला (२०१६): रोज १० मायक्रोग्रॅम, म्हणजे ४०० आययू (आंतरराष्ट्रीय एकके); सावळ्या त्वचेच्या लोकांनी वर्षभर पूरक गोळीचा विचार करावा.

• महत्त्वाचा फरक: अमेरिकेतील कृष्णवर्णीय स्त्रियांच्या रक्तात ड जीवनसत्त्व सरासरीने कमी, तरी हाडांची घनता जास्त आणि फ्रॅक्चर कमी.

• हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीत लहान चणीची हाडे प्रत्यक्षाहून विरळ दिसू शकतात.

• हाडांची घनता साधारण तिशीपर्यंत वाढते, म्हणून तरुण वय महत्त्वाचे.