पुठ्ठ्याची फौज, शिशाची फौज

अमेरिकेत १९७० साली जिम डनिगन याचा ‘पॅन्झरब्लिट्झ’ हा युद्धखेळ आला. विषय दुसऱ्या महायुद्धातली पूर्व आघाडी. नकाशाभर षट्कोन छापलेले. एक षट्कोन म्हणजे २५० मीटर जमीन, एक खेळी म्हणजे सहा मिनिटं. फौज पुठ्ठ्याच्या सोंगट्यांची. नखाएवढ्या सोंगटीवर रणगाड्याची काळी आकृती आणि चार आकडे: मारा, पल्ला, बचाव, चाल. तोवर १/२८५ प्रमाणातले धातूचे चिमुकले रणगाडेही विकत मिळू लागले होते. त्या प्रमाणात रशियनांचा टी-३४ जेमतेम अडीच सेंटिमीटरचा होतो. पुठ्ठा उचलून त्याच्या जागी रणगाडा ठेवावा, असं कुणाच्याही मनात यावं.

पण हिशेब मांडला की घोळ सुरू होतो. त्या प्रमाणात २५० मीटर म्हणजे जवळजवळ ८८ सेंटिमीटर. म्हणजे एकेका षट्कोनाला एकेक टेबल लागेल! उलट षट्कोन १० सेंटिमीटरचा धरला, तर जमिनीच्या मापानं रणगाडा पावणेतीन मिलिमीटरचा हवा, मुंगीएवढा. म्हणून या छंदात जमिनीचं माप वेगळं आणि सैनिकाचं वेगळं, हे आधीच मान्य करून टाकायचं असतं. आपल्याला ते जड जाऊ नये. दिवाळीच्या किल्ल्यावर मावळा दरवाज्यापेक्षा उंच असतो आणि पायथ्याचा वाघ बुरुजाएवढा. तरी आजवर कुणी हरकत घेतलेली नाही.

मुळात ही दोन घराणी वेगळी. थोरलं घराणं मूर्तींचं, निदान तशा टेबलाचं. प्रशियात थोरल्या राइसवित्झनं १८१२ साली राजाला एक टेबल करून दिलं, त्यात डोंगर-नद्यांचे उठावदार ठोकळे हवे तसे मांडता येत. मुलानं १८२४ साली ते सगळं बाजूला सारून कागदी नकाशा आणि धातूचे छोटे ठोकळे आणले, आणि लष्करानं उचलला तो हा मुलाचाच खेळ. म्हणजे देखाव्याकडून कागदाकडे जायचा प्रवास आधी झालेला आहे. आपण बोलतोय तो परतीचा. पुढे एच. जी. वेल्सनं १९१३ मध्ये ‘लिटल वॉर्स’ लिहून खेळण्यातल्या शिपायांची लढाई जमिनीवर मांडली: पायदळ एक फूट चालणार, घोडदळ दोन फूट, आणि स्प्रिंगच्या तोफेतून खरोखरीचा गोळा सुटणार. १९६० च्या दशकात ब्रिटनमध्ये डोनाल्ड फेदरस्टोन वगैरे मंडळींनी या छंदाला वळण लावलं. या घराण्याचं वैभव म्हणजे रंगवलेले शिपाई, आणि दुखणं म्हणजे मोजपट्टी. पल्ल्यात आहे की नाही, अर्धा इंच इकडे की तिकडे, यावर निम्मी संध्याकाळ जाते.

धाकटं घराणं पटाचं. चार्ल्स रॉबर्ट्सचा ‘टॅक्टिक्स’ १९५४ चा. त्यात घरं चौकोनीच होती. १९६१ मध्ये त्याच्या अॅव्हलॉन हिल कंपनीच्या खेळांत षट्कोन आले आणि ठाण मांडून बसले. कारण साधं भूमितीचं आहे. चौकोनात तिरकं जाणारा सरळ जाणाऱ्यापेक्षा ४१ टक्के जास्त अंतर कापतो आणि तरी एकच घर मोजतो. षट्कोनाचे सहाही शेजारी समान अंतरावर. मोजपट्टी गेली, वादही गेला.

पटावर शिपाई आणायचे ते याचसाठी: देखावा थोरल्या घराण्याचा, तंटामुक्ती धाकट्याची. मात्र पुठ्ठ्याची सोंगटी हे एक छोटंसं दप्तर असतं. ताकद, वेग, पलटणीचं नाव, सगळं तिच्या पाठीवर. ती उलटी केली की पलटण खिळखिळी झाल्याची नोंद होते. एकीवर एक अशी चळत लागते, आणि वरची सोंगटी खालचीला लपवते. शिपायावर शिपाई उभा राहत नाही, तो उलटा करता येत नाही आणि लपत तर मुळीच नाही. दप्तर काढून घेतल्यावर त्यातले कागद ठेवायचे कुठे, यावर खेळ जमतो किंवा फसतो.

१९८४ च्या ‘बॅटलटेक’नं ते सरळ दुसऱ्या कागदावर ठेवले. पटावर भलामोठा यंत्रमानव, आणि शेजारी त्याचा तक्ता: चिलखताची वर्तुळं मार बसेल तशी पेन्सिलनं भरायची, यंत्राचा ताप किती चढला ते मांडायचं. चार-चार यंत्रांपर्यंत मौज असते. डझनभर झाली की खेळाडूचं लक्ष पटापेक्षा तक्त्यात जास्त राहतं. रशियाच्या झ्वेज्दा कंपनीनं गुळगुळीत पत्त्यांवर गुपचूप हुकूम लिहून ते दोन्ही बाजूंनी एकाच वेळी उघड करायची पद्धत आणली. त्यामुळे मूर्ती समोर असली तरी निदान तिचा इरादा लपून राहतो.

माझ्या मते खरी तोड काढली ती रिचर्ड बोर्गनं. २००० सालच्या ‘बॅटल क्राय’मध्ये आणि मग २००४ च्या ‘मेमॉयर ४४’मध्ये त्यानं दप्तरच रद्द केलं. पायदळाच्या पलटणीत चार शिपाई, रणगाड्यांच्या तुकडीत तीन रणगाडे, तोफखान्यात दोन तोफा. मार बसला की एक उचलायचा. उरलेत किती, हीच नोंद. पायदळाचा पल्ला तीन घरांचा, शेजारच्या घरावर तीन फासे, पुढे दोन, मग एक. फाशावर आकडे नाहीतच. दोन बाजूंना शिपाई, एकीवर रणगाडा, एकीवर हातबॉम्ब, एकीवर तारा, एकीवर निशाण. निशाण पडलं की माघार. काय हाती लागलं ते पोरालाही कळतं. इतिहासाचे जाणकार कुरकुरतात, आणि त्यांचं म्हणणं खोटं नाही: चारातला एकच शिपाई उरला तरी तो चौघांइतकेच फासे टाकतो. पण ही सूट घेतली नसती, तर पुन्हा तक्ता आला असता.

बोर्गच्याच २००६ च्या ‘कमांड्स अँड कलर्स: एन्शन्ट्स’मध्ये गंमत उलटी आहे. तिथे मूर्ती नाहीत, लाकडी ठोकळ्यांवर चिकटवलेली चित्रं आहेत; हिरवं वर्तुळ म्हणजे हलकी पलटण, निळा त्रिकोण मध्यम, लाल चौकोन जड. रोम आणि कार्थेजच्या या लढाया रंगवलेल्या शिपायांवर खेळणारे पुष्कळ. ते बहुधा चौथऱ्याच्या मागच्या कडेला त्याच रंगाची रेघ ओढतात. पुढून फौज दिसते, मागून दप्तर.

षट्कोनाचाही एक हेका आहे. तो ज्या दिशेला सरळ ओळ देतो, तिच्या काटकोनात नागमोडी. ‘मेमॉयर’च्या १३ बाय ९ घरांच्या पटावर आडव्या ओळी सरळ आहेत, म्हणून समोरच्या शत्रूवर नाकासमोर चालून जाताच येत नाही, प्रत्येक पावलाला अर्धं घर डावीकडे किंवा उजवीकडे. सोंगटीच्या बाबतीत हे डोळ्यांना खुपत नाही. खांद्याला खांदा लावून उभं केलेलं नेपोलियनचं पायदळ असं वाकडं चाललेलं मात्र फार खुपतं. शिवाय शिपायांचे चौथरे चौकोनी असतात, ते षट्कोनाच्या कोपऱ्यांत नीट बसत नाहीत. म्हणून ब्रिटनच्या कॅलिस्ट्रा कंपनीचे प्लास्टिकचे षट्कोन समोरासमोरच्या कडांमध्ये पुरते १० सेंटिमीटर आहेत, टेकड्यांसकट.

आपल्याकडे एवढं मागवण्याची गरज नाही. विकत घेतलेल्या खेळाचा नकाशा स्वतःपुरता तिपटीनं मोठा करून कोपऱ्यावरच्या फ्लेक्सवाल्याकडे छापता येतो, फक्त कागद चमकदार नको, दिव्याखाली षट्कोनाच्या रेघा दिसत नाहीत. शिपाई ६ किंवा १० मिलिमीटर उंचीचे घ्यावेत. २८ मिलिमीटरचे रंगवायला देखणे, पण चौघांत एक घर भरतं आणि खालचं जंगल आहे की शेत ते कळेनासं होतं. आणि खेळ निवडताना सोंगट्यांची चळत बघावी. एका घरात तीन-चार सोंगट्या रचायला लावणारा, मोहिमेच्या पातळीवरचा खेळ पुठ्ठ्यावरच बरा. १९७९ चा ‘द कॅम्पेन फॉर नॉर्थ आफ्रिका’ तर हजारभराहून जास्त सोंगट्यांचा आहे. तेवढे शिपाई रंगवून होईपर्यंत तिथला जर्मन सेनापती रोमेल मायदेशी परतलेला असेल.