पर्स खांद्यावर, पण पैसे कुठे?

मैत्रिणींनो, कामाला जाणाऱ्या बाईच्या खांद्यावर पर्स असतेच. पण बसच्या रेटारेटीत नाहीतर लोकलच्या दारात तिची चेन कधी उघडली, ते कळतसुद्धा नाही. मुलांच्या फीचे पैसे, घराची किल्ली, एटीएम कार्ड सगळं एकदम जातं. वर घरी 'लक्ष कुठं होतं तुझं?' हे ऐकावं लागतं ते निराळंच! तेव्हा मोलाच्या वस्तू अंगावरच, पण कुणाच्या नजरेस पडणार नाहीत अशा ठेवाव्यात.

यात नवं काही नाही. आपल्या आज्या नऊवारीच्या कनवटीला पैसे लावत. प्रवासाला निघालेली माणसं कमरेला कसा बांधत. आता कपडे बदलले, तशी जागाही बदलायला हवी.

साडी नेसत असाल तर परकराला आतून खिसा लावा. मांजरपाटाचा ६ इंच रुंद व ७॥ इंच उंच तुकडा घ्या. वर १ इंच दुमडून शिवा, बाकीच्या कडा अर्धा इंच मुडपा. नेफ्याखाली चार बोटं सोडून, डाव्या बाजूला, म्हणजे पदराच्या आड खिसा येऊ द्या. निऱ्यांखाली मात्र नको. तिथे फुगवटा दिसतो. तोंडाला टिचबटण लावायला विसरू नका.

पंजाबी ड्रेस असेल तर सलवारीला नेफ्याखाली असाच खिसा चालतो. वरून कमीज येतेच. शर्ट-पँट किंवा गणवेश घालणाऱ्यांनी कापडी पट्ट्याची चपटी पिशवी शिवून आतून कमरेला बांधावी. शर्ट खोचलेला असेल तर पिशवीत फक्त नोटा नि कार्ड ठेवा. किल्ल्यांचा जुडगा बाहेरून लगेच ओळखू येतो. ब्लाऊजमध्ये नोटा खोचण्याची पुष्कळजणींना सवय असते. पण त्या घामाने भिजतात आणि चारचौघांत काढताना अवघडल्यासारखं होतं.

आता आरशासमोर परीक्षा! आम्हां शिक्षिकांचा हात फळ्यावर लिहिताना वर जातो; अंगणवाडीतली बाई दिवसातून कितीदा खाली बसते-उठते; नर्स पेशंटवर वाकते. तुमच्या कामात जे करावं लागतं ते सगळं करून पाहा. कुठे टोचलं, फुगलं, सरकलं तर जागा बदला.

दोन पथ्यं मात्र पाळा. तिकीट-भाजीचे सुटे पैसे वेगळे, हाताशी ठेवा, म्हणजे आतल्या खिशाला रस्त्यात हात लावावा लागणार नाही. आणि 'आहे ना?' म्हणून सारखं चाचपू नका. पाकीटमाराला नेमकी जागा त्यानेच कळते! मिरचीचा फवारा बाळगत असाल तर तो या खिशात उपयोगाचा नाही. तो झटकन हाती लागेल असाच हवा.

एवढं करूनही कुणी धाकदपटशा केला तर झटापट करू नका, पैसे देऊन टाका आणि सुटका होताच ११२ वर फोन करा. कार्ड गेलं तर बँकेला कळवून ते लगेच बंद करा.

घरात एखादा जुना परकर असेलच. या रविवारी तासभर काढून त्याला खिसा लावाच. आणि हो, धुवायला टाकण्याआधी खिसा तेवढा रिकामा करा!