गाणं डिस्कवर नव्हतंच

वडिलांच्या पंचाहत्तरीला जुन्या फोटोंचा स्लाइड शो केला, मागे त्यांच्या आवडीचं गाणं लावलं आणि सीडी राइट करून नातेवाइकांना वाटल्या. घरच्या कॉम्प्युटरवर सगळं छान चालतं. इतरांकडे फोटो सरकतात, गाणं मात्र वाजत नाही. सीडी खराब निघाल्या का, असं एका वाचकांनी विचारलं आहे.

सीडी चांगल्या आहेत. गाणं त्यांच्यावर गेलेलंच नाही.

पॉवरपॉइंटच्या २००७ पर्यंतच्या आवृत्त्या एमपीथ्री गाणं स्लाइड शोच्या फाइलमध्ये घेत नसत. ते कॉम्प्युटरवर कुठे आहे, एवढाच पत्ता टिपून ठेवत. आत जायची ती फक्त वेव्ह फाइल, तीही मुळात १०० किलोबाइटपर्यंतची. सीडीच्या दर्जाचा स्टीरिओ आवाज तेवढ्या जागेत एक सेकंदही मावत नाही! परदेशातल्या लेकीला फराळाचं पार्सल धाडावं आणि डब्यात चिवड्याऐवजी चिठ्ठी निघावी, ‘चिवडा फडताळात, वरच्या कप्प्यात’, तसा हा प्रकार. चिठ्ठीतला मजकूर खराच असतो, पण फक्त आपल्या घरात. २०१० पासून गाणं आपोआप आत जातं. ‘लिंक’चा पर्याय निवडला, तर मात्र पुन्हा नुसता पत्ताच.

उपाय सोपा आहे. स्लाइड शो आणि गाणं आधी एकाच फोल्डरमध्ये ठेवा, जुनी जोडणी काढून गाणं नव्याने जोडा आणि अख्खा फोल्डर सीडीवर राइट करा. ‘पॅकेज फॉर सीडी’ ही २००३ पासूनची सोय हेच काम करते. गाणं अडखळत वाजत असेल, तर फोल्डर आधी हार्ड डिस्कवर उतरवून घ्या.

अशीच एक फसगत ऑडिओ सीडीची. तिच्यावरची गाणी विंडोजमध्ये ‘ट्रॅक०१.सीडीए’ अशी दिसतात आणि अनेक जण तीच कॉपी करून घेतात. त्या फाइलचा आकार बघा: फक्त ४४ बाइट. गाणं डिस्कवर कुठे सुरू होतं आणि किती लांब आहे, याची ती नोंद. खरं गाणं हवं, तर सीडीवरून ‘रिप’ करून घ्यावं लागतं.

डिस्कवर उगाच आळ येतो याचं मला वाईट वाटतं, कारण तिच्यामागचं गणित फार देखणं आहे. एमआयटीच्या लिंकन प्रयोगशाळेतल्या आयर्विंग रीड आणि गुस्ताव सॉलोमन यांनी १९६० मध्ये जेमतेम पाच पानांचा शोधनिबंध लिहिला. १९८२ मध्ये बाजारात आलेली सीडी त्यातल्याच संकेतांवर चालते. आवाजाचे लागोपाठचे आकडे डिस्कवर दूरदूर विखुरलेले असतात. ओरखडा प्रत्येक गटातले थोडेच आकडे खातो आणि उरलेल्यांवरून गेलेले परत काढता येतात. सलग चार हजारांच्या आसपास बिट गेले, तरी ते जसेच्या तसे परत मिळतात. फोटो आणि फाइलींसाठी तर आणखी एक कवच आहे: २३५२ बाइटच्या कप्प्यात मजकूर २०४८ बाइटच, बाकीची जागा मुख्यतः दुरुस्तीसाठी. गाण्यातला हरवलेला आकडा शेजारच्यांवरून अंदाजे भरता येतो, फाइलमधला नाही.

या कथेत राजचंद्र बोस यांचं नाव क्वचितच येतं. होशंगाबादला जन्मलेल्या या गणितज्ञाने द्विजेंद्र रायचौधुरी यांच्याबरोबर त्याच १९६० मध्ये चूकदुरुस्ती करणाऱ्या संकेतांचं एक कुटुंब मांडलं. फ्रान्सच्या ओकँगेम यांनी ते स्वतंत्रपणे आदल्याच वर्षी शोधलं होतं. रीड-सॉलोमन संकेत त्याच कुटुंबातले ठरतात. आणि हेच ते बोस, ज्यांनी १९५९ मध्ये अर्नेस्ट पार्कर आणि शरदचंद्र श्रीखंडे यांच्यासह लॅटिन चौकोनांबद्दलचं ऑयलर यांचं अठराव्या शतकातलं अनुमान खोटं ठरवलं. श्रीखंडे पुढे मुंबई विद्यापीठाच्या गणित विभागाचे प्रमुख झाले. सीडी प्लेअर घरोघरी आले, तेव्हा हे कुणी आपल्याला सांगायला हवं होतं.

सीडी वाटण्याआधी एक तपासणी करा. आपल्या कॉम्प्युटरवर मूळ गाण्याच्या फाइलचं नाव बदला आणि स्लाइड शो थेट सीडीवरून चालवा. गाणं वाजलं, तर ते सीडीवर आहे. गाणं फाइलच्याच आत गेलं आहे का हे बघायचं असेल आणि फाइल .पीपीटीएक्स असेल, तर तिची प्रत काढून शेपूट बदलून .झिप करा आणि उघडा. ‘पीपीटी’ फोल्डरमधल्या ‘मीडिया’मध्ये फोटोंच्या शेजारी गाण्याची फाइलही दिसायला हवी.