खिशातील रिव्हॉल्वर आणि बाळगण्याचा विवेक

शस्त्र जवळ ठेवणाऱ्या माणसाच्या आयुष्यात ते चालविण्याचा प्रसंग बहुधा कधीच येत नाही. परंतु ते बाळगण्याचा प्रसंग मात्र रोज, सकाळी कपडे चढविल्यापासून रात्री ते उतरवीपर्यंत, जिना चढताना, वाहनात शिरताना, मूल कडेवर घेताना, अखंड चालू असतो. म्हणून शस्त्राची निवड करताना नळीची लांबी, काडतुसाचा आकार आणि गोळीचा जोर यांची माणसे जितकी कसून चौकशी करतात, तितकीच, किंबहुना तीहून अधिक, चौकशी ते कोठे, कशात आणि कोणत्या अवस्थेत ठेवावयाचे याची व्हावयास हवी. हे तत्त्व सर्वच शस्त्रांना लागू असले तरी तळहातात मावणाऱ्या रिव्हॉल्वरच्या बाबतीत त्याचे महत्त्व विशेष आहे. मोठ्या शस्त्राचे वजनच धारकाला त्याच्या अस्तित्वाची जाणीव क्षणोक्षणी देत राहते. चिमुकल्या शस्त्राचा मात्र मनाला धाक उरत नाही, आणि धाक ओसरला की दक्षताही शिथिल होते.

या जातीच्या शस्त्रांचा सर्वांत परिचित नमुना म्हणजे अमेरिकेतील युटा राज्यात प्रोव्हो या शहरी असलेल्या ‘नॉर्थ अमेरिकन आर्म्स’ या कंपनीचे छोटे रिव्हॉल्वर. पॉइंट २२ व्यासाची पाच काडतुसे, इंचाहून किंचित लांब नळी, गंज न चढणारे पोलाद आणि लहान नमुन्यांत अवघे सव्वाशे ग्रॅमच्या आसपास वजन, असे त्याचे स्वरूप आहे. खाजगी नागरिकाने अंगावर शस्त्र बाळगण्याची मुभा त्या देशात फार व्यापक आहे. २०२४ सालापर्यंत तेथील २९ राज्यांनी प्रौढ नागरिकांस स्वतंत्र परवान्यावाचून छुपे शस्त्र जवळ ठेवण्याची मोकळीक दिली होती. उन्हाळ्यातील पातळ कपड्यांत मोठे पिस्तूल लपत नाही, कार्यालयात कमरपट्ट्यावर ते शोभत नाही, अशा वेळी हे छोटे शस्त्र पुष्कळांना सोयीचे वाटते. आणि या सोयीतच त्याचा धोका दडलेला आहे.

छोटेपणा म्हणजे निरुपद्रवीपणा, अशी समजूत करून घेण्यास इतिहासात कोठेही आधार नाही. १४ एप्रिल १८६५ रोजी वॉशिंग्टनच्या फोर्ड नाट्यगृहात अध्यक्ष अब्राहम लिंकन यांचा प्राण घेणारे शस्त्र खिशात मावणारे, एकाच गोळीचे डेरिंजर होते. त्यापूर्वी आठ वर्षे, १८५७ साली, स्मिथ अँड वेसन कंपनीने सात काडतुसांचे जे पहिले छोटे रिव्हॉल्वर विक्रीस आणले, त्यात पॉइंट २२ व्यासाचेच धातूचे काडतूस होते; त्या शस्त्राचा चाप कड्याच्या संरक्षणावाचून नुसता पुढे आलेला असे, आणि मागे उघडा घोडा असे. आजचे छोटे रिव्हॉल्वर याच घराण्यातील असून, उघडा चाप आणि उघडा घोडा हे पूर्वजांचे दोन्ही गुण त्याने जसेच्या तसे वारशाने घेतले आहेत.

घोडा कोठे विसावतो?

बाळगण्याची रीत ठरविण्यापूर्वी या यंत्राची रचना समजून घेणे अगत्याचे आहे. पॉइंट २२ काडतुसाची ठिणगी देणारी दारू तळाच्या मध्यावर नसते, तर तळाच्या कडेत भरलेली असते, आणि घोड्याचे टोक त्या कडेवर आपटले म्हणजे गोळी सुटते. घोडा भरलेल्या काडतुसावर हलकेच टेकवून शस्त्र खिशात ठेवले, तर ते टोक कडेला प्रत्यक्ष भिडलेले राहते. मग शस्त्र हातून निसटून नेमके घोड्यावर आपटले, तर चापाला कोणाचे बोट लागले नसतानाही गोळी सुटू शकते. ही अडचण नवी नव्हे. कोल्ट कंपनीच्या १८७३ सालच्या सुप्रसिद्ध सहा काडतुसी रिव्हॉल्वरमध्येही ती होती, आणि म्हणून जाणती माणसे त्यात पाचच काडतुसे भरून घोडा रिकाम्या घरावर ठेवीत. पुढे, १९७३ साली, रूगर कंपनीने आपल्या त्या धर्तीच्या रिव्हॉल्वरांत घोडा आणि काडतूस यांच्यामध्ये एक सरकती पट्टी बसविली. चाप ओढला तरच ती वर येते व घोड्याचा आघात पुढे पोहोचविते, एरवी घोडा काडतुसापासून अलग राहतो.

सव्वाशे ग्रॅमच्या शस्त्रात अशी पट्टी बसविलेली नाही, आणि पाचांपैकी एक घर रिकामे ठेवणे म्हणजे त्याचे सामर्थ्य एक पंचमांशाने घटविणे होय. त्यावर केलेली तजवीज साधी पण चतुर आहे. फिरत्या चक्राच्या मागील कडेवर दोन-दोन घरांच्या मध्ये एकेक खाच कोरलेली असते, आणि घोडा त्या खाचेत उतरविला म्हणजे त्याचे टोक कोणत्याही काडतुसाला न शिवता दोन काडतुसांमधील पोलादावर विसावते. ही कृती केल्यावर चक्र बोटाने हलवून पाहावे. ते घट्ट राहिले, तरच घोडा खाचेत बसला असे समजावे. घोडा अर्धवट मागे ओढून अडकविलेली अवस्था काडतुसे भरण्यापुरती असते. तिला सुरक्षित समजून त्या स्थितीत शस्त्र खिशात टाकणे म्हणजे स्वतःच्या मांडीवर जोखीम ओढवून घेणे होय. घोडा खाली उतरविण्याची कृती तर या शस्त्राच्या हाताळणीतील सर्वांत नाजूक कृती आहे, कारण लहानशा घोड्यावरून अंगठा सहज घसरतो आणि नळी इतकी आखूड असते की दुसऱ्या हाताची बोटे नकळत तिच्या तोंडापुढे येतात. म्हणून रिकाम्या शस्त्रावर, नळी सुरक्षित दिशेस ठेवून, हाताला सवय लागेपर्यंत तिचा सराव करावा आणि मगच काडतुसे हातात घ्यावीत.

म्यान कसे असावे?

घोडा खाचेत असला तरी काम संपत नाही. या अवस्थेत घोडा पूर्ण मागे ओढल्यावाचून शस्त्र सुटत नाही, हे खरे. परंतु उघडा घोडा खिशाच्या अस्तरात अडकून मागे ओढला जाऊ शकतो, आणि चापाला कडे नसल्यामुळे, घोडा एकदा सज्ज झाला की चापावरील बोटाच्या किंवा कापडाच्या किंचित दाबानेही आघात करतो. यावरून म्यानाची पहिली कसोटी आपोआप ठरते: त्याने चाप पूर्णपणे झाकला पाहिजे आणि घोड्यास कापडापासून दूर ठेवले पाहिजे. दुसरी कसोटी अशी, की ते त्याच नमुन्याच्या मापाने बनविलेले असावे आणि शस्त्र काढून घेतल्यावर त्याचे तोंड मिटू नये. तिसरी अशी, की शस्त्र बाहेर येताना म्यान त्याच्याबरोबर बाहेर न येता खिशातच राहावे. त्यासाठी चामड्याच्या किंवा कठीण प्लास्टिकच्या खिशाच्या म्यानांचा बाहेरील पृष्ठभाग मुद्दाम खरखरीत ठेवलेला असतो.

अशा म्यानासाठी एक खिसा कायमचा राखून ठेवावा, आणि त्यात किल्ली, नाणे, रुमाल, पेन यांपैकी काहीही जाऊ देऊ नये. शस्त्र परत ठेवताना खिशात आंधळेपणाने खुपसू नये. आधी म्यान बाहेर काढून शस्त्र डोळ्यांदेखत त्यात बसवावे आणि मग ते दोन्ही मिळून खिशात ठेवावे. खिशातील धूळ व कापसाचे तंतू नळीत आणि घोड्याच्या बुंध्याशी साचतात, म्हणून ठराविक काळाने शस्त्र रिकामे करून स्वच्छ करणे हाही बाळगण्याच्याच कर्तव्याचा भाग समजावा.

या शस्त्राची दुमडती मूठही मिळते. घडीच्या चाकूप्रमाणे शस्त्र तिच्यात मिटले म्हणजे चाप आत झाकला जातो आणि बाजूच्या पकडीने ते खिशाच्या काठाला अडकविता येते. ज्यांना स्वतंत्र म्यान नको असते त्यांच्यासाठी ही सोय योग्य आहे. कमरपट्ट्याच्या बकलावर उघडे बसविण्याची किंवा गळ्यातील साखळीला लोंबविण्याची तऱ्हा मात्र टाळलेली बरी. कारण तेथे शस्त्र परक्या हाताच्या टप्प्यात राहते आणि नळीच्या दिशेवर धारकाचा ताबा पुरता उरत नाही.

अंगापासून दूर गेलेले शस्त्र

म्यानावाचून शस्त्र बाळगण्याचा परिणाम काय होतो, याचा दाखला २००८ सालच्या नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्कमध्ये मिळाला. प्लॅक्सिको बरेस या ख्यातनाम फुटबॉलपटूने सैल पायजम्याच्या कमरेत नुसतेच खोचलेले पिस्तूल घसरू लागले, आणि त्याच्याच मांडीत गोळी शिरली; पुढे बेकायदा शस्त्र बाळगल्याबद्दल त्याला दोन वर्षांची कैद झाली. हातपिशवीत शस्त्र ठेवण्याची रीत तर याहून भयंकर ठरली आहे. डिसेंबर २०१४ मध्ये आयडाहो राज्यातील एका दुकानात, शस्त्रासाठी वेगळा कप्पा असलेल्या पिशवीतून दोन वर्षांच्या बालकाच्या हाती पिस्तूल लागले आणि त्या गोळीने त्याची आई मरण पावली. पिशवीत शस्त्र आहे याचा विसर पडणे हा दुसरा दोष: २०२३ साली अमेरिकेच्या विमानतळांवरील तपासणीत प्रवाशांच्या सामानात ६,७३७ बंदुका-पिस्तुले सापडली, आणि त्यांपैकी सुमारे ९३ टक्के भरलेली होती. जे शस्त्र अंगावर नसते ते मनातूनही निसटते.

आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली परवान्यावाचून असे शस्त्र घरातही ठेवता येत नाही, आणि २०१६ च्या शस्त्र नियमांनी सार्वजनिक ठिकाणी हातशस्त्र नेताना ते म्यानात, झाकलेले आणि धारकाच्या पूर्ण ताब्यात असावे, अशी तरतूद केली आहे. म्हणजे अमेरिकेत जे विवेकावर सोडले आहे, ते येथे कायद्याने फर्माविले आहे. परंतु परवाना असला म्हणजे अपघात टळतो असे नव्हे. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईत अभिनेते गोविंदा यांच्या स्वतःच्याच परवानाधारक रिव्हॉल्वरची गोळी त्यांच्या पायास लागली, ही घटना महाराष्ट्राच्या स्मरणात अजून ताजी आहे.

तेव्हा घोडा काडतुसांच्या मधोमध खाचेत, चाप म्यानाच्या किंवा दुमडत्या मुठीच्या आत, ते सारे राखीव खिशात आणि खिसा सदैव स्वतःच्या अंगावर, या चार गोष्टी एकत्र नांदल्या तरच छोटे रिव्हॉल्वर बाळगणे सुरक्षित म्हणता येईल; त्यांपैकी एकही ढळली, तरी उरलेल्या तीन तिची उणीव भरून काढू शकत नाहीत. शस्त्र हलके असले म्हणून त्याची जबाबदारी हलकी होत नाही. हल्लेखोर कदाचित आयुष्यात कधी भेटणार नाही. परंतु आपला खिसा, आपले घर आणि आपली मुले रोज भेटणार आहेत, आणि शस्त्र बाळगण्याची रीत प्रथम त्यांच्या सुरक्षिततेच्या निकषावर ठरली पाहिजे. ज्याला ही दक्षता प्रत्येक दिवशी, कंटाळा न करता, पाळता येत नसेल, त्याने शस्त्र रिकामे करून कुलूपबंद तिजोरीत ठेवावे आणि घराबाहेर पडावे. तो निर्णय भित्रेपणाचा नसून, शस्त्रधारकाला शोभणाऱ्या आत्मसंयमाचाच आहे.