नैसर्गिक मारक पेशी आणि अर्बुद

स्वरूप

नैसर्गिक मारक पेशी, म्हणजेच एनके पेशी, हा लिम्फोसाइटचा एक प्रकार. रक्तातील लिम्फोसाइटमध्ये त्या साधारण 5 ते 15 टक्के असतात. 1975 मध्ये स्टॉकहोमच्या करोलिन्स्का संस्थेत रोल्फ कीसलिंग व सहकाऱ्यांनी उंदरांतील या पेशींचे वर्णन केले. पूर्वपरिचय नसलेल्या ल्युकेमियाच्या पेशी त्या काही तासांत मारत होत्या. टी पेशींना त्यासाठी काही दिवसांची तयारी लागते.

ओळख

केंद्रक असलेल्या जवळजवळ प्रत्येक पेशीच्या पृष्ठभागावर एमएचसी वर्ग 1 हे प्रथिन असते. ते पेशीचे ओळखपत्रच. पेशीत तयार होणाऱ्या प्रथिनांचे तुकडे त्यावर मांडलेले असतात आणि टी पेशी ते तपासतात. हे प्रथिन गमावलेली अर्बुदपेशी टी पेशींच्या तपासणीतून सुटते. मात्र नेमकी त्यामुळेच ती एनके पेशींच्या तावडीत सापडते. एनके पेशी परकी खूण नव्हे, तर ‘स्व’च्या खुणेचा अभाव हेरतात, ही कल्पना क्लास केरे व सहकाऱ्यांनी मांडली आणि 1986 मध्ये प्रयोगाने तिला आधार दिला. संपूर्ण विषयाचे मर्म येथे आहे. तरीही केवळ अभाव पुरेसा नसतो. तांबड्या रक्तपेशींवर हे प्रथिन जवळजवळ नसते, पण त्या मारल्या जात नाहीत. डीएनएची हानी किंवा अन्य ताणामुळे पेशीवर ‘मिका’सारखी प्रथिने उमटतात; एनकेजी2डी हा ग्राहक ती ओळखतो. एमएचसी वर्ग 1 कडून येणारे रोखणारे आणि ‘मिका’सारख्या प्रथिनांकडून येणारे चेतवणारे संकेत यांची बेरीज-वजाबाकी होऊन निर्णय ठरतो.

मारण्याची क्रिया

एनके पेशी अर्बुदपेशीला चिकटते. तिच्यातील कणिका संपर्काच्या बाजूला सरकतात आणि मधल्या अरुंद फटीत रिकाम्या होतात. परफोरिन पटलाला छिद्रे पाडते, ग्रॅन्झाइम आत शिरतात आणि अर्बुदपेशी स्वतःचेच विघटन सुरू करते. उरलेले तुकडे महाभक्षी पेशी गिळतात. एनके पेशींनी सोडलेले इंटरफेरॉन गॅमा याच महाभक्षींना अधिक आक्रमक करते.

उपयोग

स्तनाच्या कर्करोगातील ट्रास्टुझुमॅब हे प्रतिपिंड अर्बुदपेशीला चिकटले, की त्याचे मोकळे टोक एनके पेशींचा सीडी16 ग्राहक पकडतो. औषधाच्या परिणामाचा काही भाग यातून येतो. नाळेच्या रक्तातील एनके पेशींत जनुकीय बदल करून ह्यूस्टनमध्ये दिलेल्या उपचाराचे निष्कर्ष 2020 मध्ये आले: लिम्फॉइड कर्करोगाच्या 11 रुग्णांपैकी 8 जणांत प्रतिसाद दिसला.

मर्यादा

घट्ट गाठीत एनके पेशी फारशा शिरत नाहीत. तेथील टीजीएफ-बीटा आणि प्राणवायूची कमतरता त्यांना निष्प्रभ करते. त्यामुळे या पेशी देऊन केलेल्या उपचारांचे ठळक यश आजवर मुख्यतः रक्ताच्या कर्करोगांतच दिसले आहे.