पाणी ज्या वाटेने आले

परिषद म्हटली की तीन गोष्टी ठरलेल्या असतात. उद्घाटनाला उशीर, जेवणात गुलाबजाम आणि शेवटच्या दिवशी सहल! इतर विषयांच्या पंडितांना ही सहल म्हणजे चार दिवस निबंध ऐकून आंबलेल्या डोक्यांना वारा. भूगोलवाल्यांचे तसे नाही. त्यांच्या परिषदेत सहल हाच खरा निबंध असतो. फक्त तो कागदावर नसून जमिनीवर लिहिलेला असतो आणि पायांनी वाचावा लागतो.

ही रीत जुनी आहे. जगातल्या भूगोलज्ञांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद बेल्जममधील अँटवर्प येथे १८७१ साली भरली. १९१२ साली अमेरिकेत विल्यम मॉरिस डेव्हिस या नामांकित भूगोलज्ञाने युरोपातील पाहुण्या विद्वानांना खास आगगाडीत घालून जवळजवळ दोन महिने तो अवघा खंड दाखवला. आपल्याकडे १९६८ साली दिल्लीत आंतरराष्ट्रीय परिषद भरली. शेवटी साऱ्यांचे सूत्र एकच, की ज्या गावी जमलात ते गाव आधी पाहा.

गेल्या जानेवारीत पुण्यात अशीच एक परिषद होती. एका संध्याकाळी मला फोन आला.

"सर, तीन स्थानिक सहली ठेवल्यात. एक सिंहगड, दुसरी लोणावळा-कार्ले आणि तिसरी 'शहर आणि नदी'. तिसरी तुम्ही न्यायची. अस्सल पुणेकर तुमच्याशिवाय कोण आहे?"

सिंहगडावर पिठले-भाकरी होती, कार्ल्याला लेणी होती. तिसऱ्या सहलीला कुणी वाली नव्हता, म्हणून सेवानिवृत्त मास्तराची आठवण झाली, हे मी ओळखले. पण सत्तरी उलटलेल्या माणसाला 'सर' म्हणून कुणी बोलावले की नाही म्हणवत नाही. मी दोन दिवस खपून कार्यक्रम आखला. पाताळेश्वर लेणे, शनिवारवाडा, पर्वती, दुपारी जेवण. कागद सौभाग्यवतींपुढे ठेवला. तिने चष्मा लावून तो वाचला आणि शांतपणे विचारले,

"सहलीचं नाव 'शहर आणि नदी'. यात नदी कुठे आहे?"

मी म्हणालो, "पुलावरून जाताना दिसेल की."

ती काहीच बोलली नाही. पन्नास वर्षांच्या संसारात तिला माझे मौन पाठ झाले आहे.

खरे सांगायचे तर, ३२ वर्षे मी मुलांना भूगोल शिकवला. ह्वांग हो या नदीला चीनचे अश्रू का म्हणतात, दामोदरवर धरणे का बांधली, मिसिसिपीचे तट कसे असतात, सारे फळ्यावर रंगीत खडूने काढून दाखवले. पण शाळेपासून दहा मिनिटांवर असलेल्या मुठेच्या काठी मी एकाही वर्गाला कधी नेले नाही. का नेले नाही, याचे उत्तर १२ जुलै १९६१ या तारखेत आहे.

त्या दिवशी मी आठ वर्षांचा होतो. नारायण पेठेत एका वाड्यात आमचे बिऱ्हाड होते आणि खाली बोळाच्या तोंडाशी वडिलांचे वह्या-पुस्तकांचे दुकान. शाळा नुकत्याच सुरू झाल्या होत्या, त्यामुळे उधारीवर आणलेल्या मालाने दुकान छतापर्यंत भरलेले. सकाळी शाळा सोडून दिली म्हणून आम्ही पोरे उड्या मारत घरी आलो, तो रस्त्यात ओरडा, "धरण फुटलं!" आईने एका हाताने धाकटीला उचलले, दुसऱ्या हातात देवांचा डबा घेतला आणि आम्ही माणसांच्या लोंढ्यातून पर्वतीकडे निघालो. वडील मागे राहिले, माल वरच्या फळीवर चढवायला. रात्री उशिरा ते आले तेव्हा छातीपर्यंत चिखलाने माखले होते. आईला एवढेच म्हणाले, "वरची फळीही गेली."

त्यानंतर त्यांनी पुराबद्दल एक शब्द काढला नाही. दुकान मोडले. पुढे ते दुसऱ्याच्या पेढीवर हिशेब लिहीत राहिले. त्यांना जाऊन आता तीस वर्षे झाली. ते बोलले नाहीत म्हणून मीही बोललो नाही, आणि माझा भूगोल नदी ओलांडून पलीकडे जात राहिला.

मी पहिला कागद फाडला आणि नवा लिहिला. त्यावर एकच ओळ होती: पाणी ज्या वाटेने आले, त्याच वाटेने जायचे.

सकाळी सातला बस निघाली. आम्ही सगळे मिळून अकरा. हॉलंडच्या एक प्राध्यापिका, कलकत्त्याचे एक वयोवृद्ध प्रोफेसर, गुवाहाटीची एक विद्यार्थिनी, नांदेडचे दोन शिक्षक आणि बाकी इकडचे तिकडचे. खडकवासल्याच्या भिंतीजवळ उतरलो. समोर निळे पाणी, मागे सिंहगड. मी सांगू लागलो.

पुणे शहरात वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पण पश्चिमेला अवघ्या पन्नास-साठ किलोमीटरवर सह्याद्रीच्या माथ्यावर तोच पाऊस काही ठिकाणी चार हजारांच्या पुढे जातो. म्हणजे पुण्याचा पूर पुण्याच्या ढगांतून येतोच असे नाही. शहरात नुसती भुरभुर असावी आणि नदी मात्र दुथडी भरून यावी, हे इथले नेहमीचे गणित. घाटावरचे ते पाणी आंबी, मोसी आणि मुठा या नद्यांनी येते. खडकवासल्याचे दगडी धरण इंग्रजांनी १८७९ च्या सुमारास पुरे केले. वर आंबी नदीवर पानशेतचे मातीचे धरण बांधणे चालू होते. ते पुरते झालेले नसतानाच १९६१ च्या पावसाळ्यात त्यात पाणी साठले. धरण खचू लागले. जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली. बारा तारखेच्या सकाळी ते फुटले. ते सारे पाणी या जुन्या भिंतीवर आदळले आणि दुपारी हीही फुटली.

"मग शहराला प्यायला पाणी कुठून मिळालं?" कलकत्त्याच्या प्रोफेसरांनी विचारले.

मी चमकलो. हा प्रश्न फक्त भूगोलवालाच विचारू शकतो! पुराने बुडालेल्या गावात पाण्याचीच टंचाई झाली होती. धरणच गेले तर नळाला येणार काय? पेठांतल्या विसरलेल्या विहिरी लोकांनी पुन्हा उघडल्या. नानासाहेब पेशव्यांनी कात्रजहून भुयारी नळाने शहरात पाणी आणले होते, त्या जुन्या हौदांवर रांगा लागल्या. माझी आई कळशी घेऊन त्या रांगेत उभी असे. हे मी बोलून गेलो आणि माझ्याच ध्यानात आले, की व्याख्यान संपून गोष्ट सुरू झाली आहे.

नदीच्या कडेने आम्ही खाली आलो. सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत थांबलो. २५ जुलै २०२४ रोजी घाटात धो धो पाऊस झाला, धरणातून पाणी सोडले गेले आणि इथल्या तळमजल्यांत पाणी शिरले. एक बाई जिन्यात भाजी निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "पहाटे उठून पाय खाली टेकला, तो पाण्यात!"

मी मंडळींना निळी आणि लाल रेषा समजावून सांगितली. पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकणारा पूर जिथवर पोचेल ती निळी पूररेषा, शंभर वर्षांतून एकदा येणारा जिथवर पोचेल ती लाल. नकाशावर दोन्ही छान दिसतात. जमिनीवर मात्र त्या कुणालाच दिसत नाहीत.

गुवाहाटीची मुलगी इतका वेळ गप्प होती. ती म्हणाली, "आमच्याकडे ब्रह्मपुत्रा दरवर्षी येते. मिसिंग लोक खांबांवर उंच घरं बांधतात, चांग-घर म्हणतात त्याला. ती येणार हे सगळ्यांनी धरलेलंच असतं. इथली नदी चाळीस-पन्नास वर्षं येत नाही, म्हणून लोक तिला विसरतात."

मला वाटले, या मुलीला निबंधाऐवजी याच एका वाक्यावर पदवी द्यावी.

पुढे दांडेकर पुलाशी आंबिल ओढा पाहिला. हा ओढा मुळात शहराच्या मधून वाहत असे. पेशव्यांनी पर्वतीजवळ तो वळवला आणि जुन्या पात्रावर पेठा वाढल्या. १९६१ नंतर पूरग्रस्तांच्या वसाहती सहकारनगर, गोखलेनगर, लोकमान्यनगर अशा उंच, नदीपासून दूरच्या जागी झाल्या. पण २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजकडे ढग फुटल्यासारखा पाऊस कोसळला, हाच ओढा पिसाळला आणि सहकारनगर भागातही घरे वाहून गेली, माणसे दगावली. नदीपासून पळून गेलेल्यांना ओढ्याने गाठले!

लकडी पुलावरून नदीपात्रातले मेट्रोचे खांब पाहत आम्ही नारायण पेठेत शिरलो. (त्या पुलात आता लाकूड नावालाही नाही, पण नाव मात्र लाकडाचेच. पुणेकर नावे सहसा सोडत नाहीत.) आमच्या वाड्याच्या जागी पाच मजली इमारत उभी आहे आणि वडिलांच्या दुकानाच्या जागी मोटारी ठेवतात. मी म्हणालो, "इथे आमचं घर होतं."

डच बाईंनी वर पाहिले, खाली पाहिले आणि विचारले, "पाणी कुठपर्यंत आलं होतं? खूण कुठे आहे?"

मी गोंधळलो. त्या सांगू लागल्या, "१९५३ च्या १ फेब्रुवारीच्या पहाटे समुद्र आमचे बांध फोडून आत आला. अठराशेहून जास्त माणसं गेली. आमच्याकडे भिंतींवर पाण्याच्या उंचीच्या खुणा करून ठेवतात. शाळेत जाता-येता मुलं त्या पाहतात."

आमच्या बोळात खूण नव्हती. ज्या भिंतींवर होती त्या भिंतीच राहिल्या नाहीत. मी नुसता हात वर करून, "साधारण इतकं," म्हणालो आणि मला माझीच लाज वाटली. भूगोलाचा मास्तर आणि "साधारण इतकं"!

समोर एक जुना वाडा अजून तग धरून आहे. त्याच्या उंबऱ्यावर एक आजी बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "पुराची खूण बघायचीय का? या की आत."

ओसरीवर सागवानी खांब होता. माझ्या उंचावलेल्या हाताच्याही वर वीतभर एक आडवी खाच. "मामंजींनी कोयत्यानं पाडली," आजी म्हणाल्या. "दर वर्षी दिवाळीत खांबाला तेल लावते, तेव्हा तिलाही लावते. तुम्ही कुणाचे म्हणायचे?"

मी वडिलांचे नाव सांगितले. कोपऱ्यावरचे वह्यांचे दुकान म्हटले.

आजींचा चेहरा एकदम उजळला. "अहो, माझं माहेर पलीकडच्याच बोळातलं! मी दहा वर्षांची होते. पुरानंतर तुमच्या वडिलांनी भिजलेल्या वह्या गच्चीवर वाळत घातल्या आणि आम्हा पोरांना बोलावून वाटून टाकल्या. एक पैसा घेतला नाही. म्हणाले, शाळा बुडवू नका. कडा मातकट झालेल्या, पण मधला कागद कोरा होता. माझे पाढे त्याच वहीत आहेत."

मी खांबाला धरून उभा राहिलो. चौसष्ट वर्षे मला वाटत होते की त्या पुरात आमचे सारे वाहून गेले. गल्लीतल्या एका पोरीला माझ्या वडिलांविषयी जे ठाऊक होते, ते मला ठाऊक नव्हते. कारण मी कधी विचारलेच नव्हते. डच बाईंना मराठी येत नव्हते. तरी त्यांनी कॅमेरा खाली ठेवला आणि दुसरीकडे पाहिले. चांगला प्रवासी कशाचे छायाचित्र काढू नये हे जाणतो.

परिषद संपली, पाहुणे पांगले. मी मात्र थांबलो नाही. यंदा १२ जुलैला शनिवार होता. आमच्या सोसायटीतली आणि आजूबाजूची चौदा मुले जमवून मी तीच वाट पुन्हा चाललो, खडकवासल्यापासून नव्हे, लकडी पुलापासून. सौभाग्यवतींनी सर्वांना शेंगदाण्याचे लाडू बांधून दिले आणि स्वतःही आली. पुण्यात इतकी वर्षे राहून तिनेही ती खाच पाहिलेली नव्हती.

वाचकहो, यंदाच्या सुट्टीत लांबचा बेत जमला नाही तर हळहळू नका. आपल्या गावच्या नदीच्या काठाने, नदी नसेल तर ओढ्याच्या काठाने एक सकाळ चाला. वाटेत जे म्हातारे माणूस भेटेल त्याला विचारा, पाणी कुठवर आले होते? खूण असेल तर मुलांना दाखवा, नसेल तर त्या माणसाच्या देखत एक करून घ्या.

वाड्यात पोरांनी खांबाभोवती गराडा घातला. "आजोबा, एवढं पाणी?" असे प्रत्येकाने एकदा विचारून घेतले. त्यांच्यातला नववीतला मुलगा ताडमाड उंच आहे. खाचेला हात लावायचाच म्हणून तो पुन्हा पुन्हा उड्या मारत होता आणि आजी खाली बसून हसत मोजत होत्या. सात उड्या झाल्या. त्याचा हात काही तिथवर पोचला नाही.