लष्करातला मेजर, चांद्याचा साहेब आणि 19 राजांचं गणित

चंद्रपूरच्या गोंड राजांवरचं कुठलंही पुस्तक घ्या. संदर्भ धरून मागं मागं जात राहिलं, की बहुतेक वेळा आपण एकाच कागदापाशी येतो: मेजर लुसी-स्मिथ यांचा चांदा जिल्ह्याच्या जमीन महसूल बंदोबस्ताचा 1869चा अहवाल. लष्करातला हा माणूस गोंडांचा इतिहासकार झाला कसा?

आधी व्यवस्था समजून घेऊ. 1853 मध्ये तिसरे रघुजी भोसले वारले आणि 1854 मध्ये इंग्रजांनी नागपूरचं राज्य खालसा केलं. 1861 मध्ये मध्य प्रांत झाला. अशा नव्या मुलखात डेप्युटी कमिशनर म्हणून लष्करी अधिकारीही नेमले जात. सारा वसूल करणारा तोच आणि न्याय देणाराही तोच. 1858 मध्ये चांद्याला कॅप्टन क्रिक्टन होते. बाबुराव शेडमाके यांच्या उठावावर फौज पाठवली ती त्यांनीच. 21 ऑक्टोबर 1858 रोजी बाबुरावांना चांद्यात फाशी झाली.

पुढं लुसी-स्मिथ आले, तेव्हा बंदुकीपेक्षा मोजणीचं काम मोठं होतं. कुठलं गाव कुणाचं, सारा किती, तो भरायचा कुणी, हे ठरवायचं होतं. अहेरीसारख्या जमीनदाऱ्यांचे हक्क जुन्या राजवटींपर्यंत जात. म्हणजे महसूल ठरवायचा तर इतिहास विचारणं आलंच! म्हणून साऱ्याच्या अहवालात राजांची वंशावळ आली.

आता गंमत बघा. या वंशावळीत सुरुवात होते साधारण इ. स. 870 पासून, आणि शेवट 1751 ला, म्हणजे नागपूरकर भोसल्यांनी चांदा घेतलं तिथं. राजे 19. म्हणजे 881 वर्षांत 19 जण, प्रत्येकी सरासरी 46 वर्षं. एखादा राजा इतकं राज्य करतो, पण ओळीनं सगळेच? सरासरी 25 वर्षं धरली तर 19 राजांना 475 वर्षं पुरतात, आणि सुरुवात तेराव्या शतकाच्या अखेरीस येते. हा माझा शोध नाही, साधा भागाकार आहे. एक तर काही नावं गळली असतील, नाहीतर सुरुवातीचा आकडा फार मागं गेला असेल.

मग अहवाल टाकून द्यायचा का? मुळीच नाही. लोकांच्या तोंडी असलेली परंपरा त्यात कागदावर उतरली, आणि ती सांगणारी माणसं आज नाहीत. फक्त हे विसरायचं नाही, की प्रश्न विचारणारा साहेब होता आणि उत्तरावर समोरच्याची जमीन अवलंबून होती. अशा वेळी कुणीही आपलं घराणं जरा जुनंच सांगणार.

त्यामुळं पुढच्या वेळी कुठं '870' दिसलं, तर ती परंपरेनं सांगितलेली तारीख समजा. शिलालेखातली नव्हे.